आईची हळद आणि माझं जेल

माझ्या पीएच.डी.ला भाजे गावात कुणी शिक्षण मानत नव्हतं. तो एक आजार होता. लोक भेटले की विचारायचे, अजून किती दिवस? आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याही वरताण. शेवटच्या तोंडी परीक्षेला घरच्यांनाही ऐकायला येता येतं, याल का, असं विचारलं तर म्हणाले, "आदी काय केलंस ते दाव. कळलं तर यीन. न्हाईतर हितं भात झोडायचाय." मला ते फार लागलं.

म्हणून एका रविवारी प्रयोगशाळेतून जेलची बाटली, अतिनील टॉर्च आणि भट्टीत भाजलेली एक पांढरी वडी घरी आणली. आबांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हे जेल गरम असताना पातळ असतं, निवलं की आपलं आपण बांधलं जातं आणि टॉर्चखाली निळं चमकतं. त्यात चिनीमातीसारखी भुकटी कालवून वडी पाडायची. कच्च्या वडीला भेग असली की निळा उजेड तिथं तुटतो. चांगली वडी भट्टीत घातली की जेल जळून जातं आणि भुकटीचे कण न वितळताच एकमेकांना घट्ट धरतात. आबा भिंतीकडे बघत होते.

आमच्या घरात नवी वस्तू आली की आई तिला हळदकुंकू लावते. ट्रॅक्टर, मिक्सर, कुणी सुटलेलं नाही. डोक्याला तेल चोपडून आलेल्या बोटांनी तिनं माझ्या बाटलीलाही लावलं. मी दार लावून टॉर्च मारली, तर जेलच्या आधी हळदच हिरवीपिवळी पेटली. तेलातली हळद अशी चमकते हे मी पुस्तकात वाचलं होतं. वेळेवर आठवेल तर शपथ!

आबा खूश. "ही तर तुझ्या आयची हळद! हिच्यापायी एवढी वर्सं?"

मी चिडून बाटली पुसली आणि पुन्हा टॉर्च मारली. आता नुसतं निळं. बाटली उलटी केली, जेल जागचं हललं नाही. आबांनी वडी उचलून टॉर्चखाली धरली. "आन् हिच्यातलं निळं कुटं गेलं?"

"जळालं. काम झालं त्याचं."

"आसं व्हय," म्हणून ते गोठ्याकडे गेले. येणार की नाही, ते बोललेच नाहीत.

परीक्षेला दोघंही आले. आबा कडक टोपी घालून थेट पहिल्या रांगेत. निघताना आईनं माझ्या कपाळालाही लावलं होतं, त्याच तेलकट बोटांनी. सभागृहातले दिवे घालवून मी बाटली तोंडासमोर धरली, टॉर्च लावली आणि खसखस पिकली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमचं तर कपाळही चमकतंय. जेल नक्की कुठे आहे?"

मी बाहीनं कपाळ पुसायला गेले. तेवढ्यात अंधारातून आबांचा आवाज आला, शेताच्या बांधावरून हाक मारतात तसा.

"सायेब, ती आमच्या हिची हळद हाय! पोरीचं निळं हाय, बाटलीत. उलटं केलं तरी पडत न्हाई. वडीची भेग दावतं आन् मग भट्टीत जळून जातं."

कुणीतरी दिवे लावायला उठलं. मी म्हटलं, थांबा जरा. मला डोळे पुसायचे होते.