वळणावर सुटलेला गिअर

रत्नागिरीत माझं गॅरेज आहे. तिथे मी केलेली एक गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही.

आमच्या वाडीतले काका बोटीवरून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली. गिअरबॉक्स मी उतरवला, धुतला, परत चढवला. सगळं आवळून झाल्यावर पाहतो तर टेबलावर वाटाण्याएवढा छर्रा आणि एक स्प्रिंग उरलेली. तिसरा गिअर जागेवर धरून ठेवते ती. पुन्हा उतरवायचा म्हणजे अख्खा दिवस, आणि काका-काकू तर लग्नाला निघायला दारात उभे. मी छर्रा आणि स्प्रिंग खिशात टाकली.

"मेस्त्री, तूही चल. पहिलीच फेरी आहे," काका म्हणाले. मी मागे बसलो.

वाडीची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या, वळणावर आमच्याकडची प्रत्येक गाडी हात जोडायला क्षणभर थांबते. काकू म्हणाल्या, "आज नको हो, मुहूर्त टळेल." काका थांबले नाहीत. उतार लागला आणि तिसऱ्या गिअरमधला दांडा आपोआप मागे आला. सावकाश, कुणी मूठ धरून ओढावा तसा. भर दुपार, कातळावर चिटपाखरू नाही. गाडी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला घासत जाऊन थांबली.

"चाळीस वर्षं इंजिनं चालवली मी," काका पांढरेफटक पडले होते. "हा माझा हात नव्हता." मग काकूंकडे वळले. "तुलाच घाई झाली होती!"

मी खिशातला छर्रा मुठीत घट्ट धरला.

चार दिवसांनी वळणावर वाडी जमवून काकांनी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. "हिच्या हातून काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, महाराजा!" सगळे म्हणाले, होय महाराजा. मीही म्हणालो.

पुढच्या आठवड्यात क्लच बघतो म्हणून गाडी घेतली आणि गुपचूप छर्रा बसवला. गिअर पुन्हा कधी सुटला नाही. त्यामुळे तर वाडीची खात्रीच पटली. काकूंचीही. "माझ्यामुळंच रे ते," त्या मला म्हणाल्या. तेव्हापासून त्या वळणावर उतरतात, चपला काढून उभ्या राहतात.

त्या उतारावर मी दांडा कधी सोडत नाही. एकदा मुद्दाम सोडला. हलला नाही. म्हणजे त्या दिवशीचा हात राखणदाराचा नव्हता, माझाच होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

काका गेले. काकू आहेत. चूक माझी होती, हे त्यांना समोर बसून सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.