उस्तादांच्या दुकानातला पहिला सोमवार

गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याच्या आधी त्याच्या बॅटरीची तब्येत विचारणारे पालमच्या बाजारपेठेत एकटे उस्तादच.

आमची गाडी मी पुण्याहून सुट्टीला आलो तरच निघायची. एरवी माझे वडील, निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बॅटरी उतरवून ठेवत. आधी काळी वायर, मग लाल, हा क्रम उस्तादांनी त्यांच्याकडून घोकून घेतला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅटरी रिक्षातून दुकानात जाई. उस्ताद टोपणं उघडून खान्याखान्यातलं पाणी बघत आणि चार्जिंगला लावत. "गाडी हुबी हाय म्हून बॅटरी उपाशी ठिवू नगा, गुर्जी. बसल्या जागी उतरत ऱ्हाती ती."

चार्जिंगला दिवस जाई. तेवढा वेळ अण्णा तिथल्या बाकावर. फोनवर माझ्याशी "बरं आहे, ठेवतो" यापुढे न जाणारे अण्णा तिथे खो खो हसताना मी एका दिवाळीत पाहिले. मला बघताच त्यांनी हसू आवरलं. खोटं कशाला सांगू, मी जळलो. माझ्या बापाचं हसू, आणि ते या ॲसिडने भोकं पडलेल्या शर्टवाल्याच्या वाट्याला!

फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, म्हणून उस्ताद ती लाकडी फळीवरच ठेवत. मी अक्कल पाजळली, "हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बॅटरीला फरशीने काही होत नाही."

"आसंल की. पण फळी कुठं खायला मागायली?" उस्ताद म्हणाले. अण्णा पुन्हा हसले, या वेळी माझ्यावर.

पुढच्या सुट्टीत मी ऑटोमॅटिक चार्जर आणला. महिनोन्महिने लावून ठेवा, बॅटरीला तोच सांभाळतो. उस्तादांना मुद्दाम घरी बोलावून दाखवला. त्यांनीच चिमटे नीट लावून दिले. "लय भारी चीज हाय. आता गुर्जींना माझ्याकडं यायचं काम न्हाई." चहा अर्धा ठेवून ते गेले. मला आनंद झाला, चांगलाच झाला.

कामाशिवाय कुणाच्या दुकानात बसणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचं जाणं थांबलं. वर्षभरात एकदा त्यांचाच फोन आला, "उस्ताद गेले." आणि त्यांनी ठेवून दिला.

गेल्या महिन्यात मी रजा काढून पहिल्या सोमवारी घरी गेलो. चार्जरशेजारी दोन खुर्च्या मांडल्या, चहा केला. बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

"अण्णा, उस्ताद असं काय सांगायचे हो, एवढं हसायचात?"

अण्णा दिव्याकडे बघत म्हणाले, "तू कधी निघायलास परत?"