बटाटा, पपई आणि गाविओता

अंबिकाबाईंना स्पॅनिशचं वेड लागलं ते बटाट्यापायी. हसू नका, खरंच सांगतो.

गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची. बाई काशीत, अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत राहायच्या आणि मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीला टेकलेल्या. विद्यापीठात संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग निघालाय असं कानावर आलं, तशा सहज बघून येऊ म्हणून गेल्या. चौकसपणा हा त्यांचा जुनाच आजार होता. शिकवणारे अनिमेषबाबू बंगाली, वयानं बाईंच्या भाच्याएवढे. त्यांनी फळ्यावर बटाटा काढला आणि म्हणाले, ‘पाताता’. वर्गातल्या पोरांचा जन्म ‘आलू’ म्हणण्यात गेलेला, ती मख्खासारखी बसून राहिली. बाई मात्र फिसकन हसल्या. पुढं पपई आली, तर ती ‘पापाया’! काशीत दाराबाहेर जिला कुणी विचारत नाही ती आपली घरातली मराठी साता समुद्रापार सोयरीक जमवून बसलीय, याचं बाईंना भारी नवल वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं नाव घातलं.

पण शिकायची तऱ्हा अगदी स्वतःची. पुस्तकातलं स्टेशन, पोस्ट, हॉटेल त्यांना नको. जे समोर दिसत नाही त्याचा शब्द डोक्यात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी घाटावर जायचं आणि जी वस्तू असेल तिच्यासमोर उभं राहून तिला हाक मारायची. रेती म्हणजे आरेना, ढग म्हणजे नुबे. थंडीत पांढरे पाणपक्षी थव्यानं उतरतात ना, ते गाविओता. खंड्याला तर चक्क नाव-धंदा दोन्ही, मार्तिन पेस्कादोर, म्हणजे मार्तिन कोळी! त्या दिवशी बाई दिवसभर गालात हसत होत्या. एकदा मुंग्यांच्या रांगेमागं ‘होर्मिगा, होर्मिगा’ करत निघाल्या, तर श्राद्धाला बसलेल्या कुणा गृहस्थाच्या पिंडापर्यंत पोचल्या. गुरुजी असे काही डाफरले म्हणता! धाकट्या जाऊबाई प्रभावती शेजारच्याच बिऱ्हाडात. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की वहिनींना बाहेरचं काहीतरी लागलंय.

बाईंचं सगळं लक्ष दुसऱ्या वर्षावर होतं. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतली रानं, पाखरं, फळं असा अभ्यास होता. आपण ज्याला पेरू म्हणतो तो त्याच नावाच्या देशातून आला का, असं त्यांनी विचारलं तेव्हा अनिमेषबाबू डोकं खाजवत म्हणाले होते, ते पुढच्या वर्षी बघू. त्यामुळे पुढच्या वर्षी जायचंच, अशी बाईंनी मनाशी गाठ बांधली. मात्र त्याआधी तोंडी परीक्षा पास व्हायला हवी, आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथं. परीक्षेत पहिले प्रश्न घरचे. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, ते कुठं असतात. बाई घरच्या माणसांचा धडा आला की हटकून खिडकीबाहेरच्या पोपटाकडे वळायच्या. अनिमेषबाबूंना वाटलं अभ्यासाचा कंटाळा असेल. त्यांनी बजावलं, दिल्लीहून येणाऱ्या परीक्षक बाई पोपटानं फसायच्या नाहीत.

कंटाळा कसला! बाईंच्या यजमानांचं नाव विश्वेश्वर. आता काशीत राहायचं आणि नवऱ्याचं नाव विश्वेश्वर, म्हणजे पंचाईत बघा. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिथं बाईंना गावच्या देवाचंसुद्धा नाव घ्यायची चोरी. त्या आपल्या ‘मोठे देव’ म्हणायच्या. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, हळदीकुंकवाला नाही तर लग्नाकार्यात. आणि बाई उखाणे असे फर्मास रचायच्या की यजमान दाराआड उभे राहून ऐकायचे. चार वर्षांपूर्वी ते गेले. विधवेला कोण उखाणा घ्यायला लावतो? पुतण्याच्या लग्नात बायकांचं कोंडाळं जमलं, एकेकीला आग्रह सुरू झाला, तेव्हा प्रभावतीनं हळूच सांगितलं, वहिनी, जरा दूध बघता का? बाई आत जाऊन दूध ढवळत राहिल्या. बाहेर सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं झाली. त्या दिवशी त्यांना जे लागलं ते कुणाला सांगितलं नाही. यजमान मणिकर्णिकेवरून राख होऊन एकदा गंगेत गेले आणि आता त्यांचं नावही आपल्या तोंडून गेलं, एवढंच त्यांना कळलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घाटावर बसून त्यांनी नाव उच्चारून बघितलं. नुसतं, सरळ. पहिल्या अक्षरापुढं जाईना. एका शब्दापायी वर्ष जातंय की काय, या विचारानं त्यांना रडू फुटलं.

दिल्लीच्या परीक्षक चष्मेवाल्या आणि हसतमुख होत्या. शेजारी अनिमेषबाबू. स्वतःचं नाव बाईंनी झोकात सांगितलं. मग प्रश्न आला, नवऱ्याचं नाव काय? अनिमेषबाबू खुर्चीत चुळबुळले. बाईंनी पदर सारखा केला, मान खाली घातली, आणि लग्नमंडपात उभं राहावं तशा उभ्याच राहिल्या.

“आग्वा एन एल रिओ, एन एल आर्बोल ला फ्लोर,” त्या म्हणाल्या, “विश्वेश्वर एस मि सेन्योर.”

नदीत पाणी, झाडावर फूल, विश्वेश्वर माझे धनी. परीक्षक बघतच राहिल्या. नाव विचारल्यावर असं यमकात उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. खूश होऊन त्यांनी पुढं विचारलं, मग आत्ता कुठं आहेत ते?

‘वारले’ याला शब्द असणारच, पण तो बाई शिकल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे होती ती झाडं, पाखरं आणि पाणी.

“एन एल रिओ,” त्या म्हणाल्या. नदीत.

परीक्षकांना वाटलं, काशीचा माणूस, आंघोळीला गेला असेल. त्यांनी कौतुकानं विचारलं, एवढ्या थंडीत? चांगले पोहतात वाटतं?

“सी,” बाई म्हणाल्या. हो.

पास झाल्याचं सांगायला अनिमेषबाबू रिक्षापर्यंत धावत आले. यजमान गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चाचरत विचारलं, दीदी, खरं का नाही सांगितलं? बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या ती पुसतही नव्हत्या.

“चार वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, की ते कुठं आहेत,” त्या म्हणाल्या. “नाहीत म्हणून मी कशाला सांगू?”