डाव्या पायाची रेघ

माणसाचा चेहरा ही एक बिनकामाची वस्तू आहे असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि ते म्हणजे बाबांचे मित्र. त्यांना मी काका म्हणते. दर शुक्रवारी ते दोह्यातल्या अल थुमामाला आमच्या दोन खोल्यांच्या घरी जेवायला यायचे, पण दोन वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे चार-पाच वेळा पाहिलं असेल तर खूप झालं. दाराशी आले की त्यांची नजर आधी चपलांवर जायची, आणि घरात कोण आहे, कोण घुश्शात आहे, कोण नुकतंच पळत येऊन बसलंय हे त्यांना तिथंच समजायचं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आईची चप्पल उचलून उलटी केली, तळ नीट पाहिला आणि म्हणाले, "वैनी, उजव्या गुडघ्याला तेल लावत जावा." गुडघा दुखतो हे आईने बाबांनाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आईची चप्पल पलंगाखाली गेली. याउलट, बाबा एकदा नवे बूट घालून कंपनीच्या बसमध्ये काकांच्या शेजारी बसले, तर काकांनी त्यांना हिंदीत विचारलं, "कौनसे कॅम्प से हो, भाई?" बाबा अजूनही ही गोष्ट शपथेवर सांगतात.

काका जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावचे. त्यांचे आजोबा हरवलेल्या गुरांचा माग काढून द्यायचे. आजोबांनी नातवाला शाळेत घालायच्या आधी धूळ वाचायला शिकवली, आणि मग शाळेत घालायचं राहूनच गेलं. आजोबांचा एक नियम काका कडक पाळायचे: माग काढणाऱ्याने स्वतःचा माग बघायचा नाही. बघितला तर नजर जाते, असं ते म्हणायचे. त्यामुळे ते कधी मागे वळून बघत नसत. हाक मारली तर आहे तिथे उभे राहायचे आणि आपण वळसा घालून पुढे जायचं. बिरकत अल अवामेरच्या त्यांच्या कामगारांच्या कॅम्पात एकदा कुणाची तरी लोणच्याची बरणी गेली आणि मोठं भांडण लागलं. काकांनी खोलीबाहेरच्या वाळूकडे पाहून एवढंच सांगितलं, की घेणारा पळत आला आणि सावकाश गेला, म्हणजे चोर नाही, भुकेला आहे. भांडण तिथंच संपलं. संध्याकाळी बरणी परत जागेवर होती. पण त्यानंतर काकांच्या खोलीसमोरून चालताना लोक पाय जरा जपून टाकू लागले.

अशा माणसाला कंपनीने काम द्यावं ते मैदान राखायचं, आणि तेही ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या फुटबॉलचं. या फुटबॉलचं मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. हातात चेंडू घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन हवेत झेलायचा. हे सगळे खेळाडू दोह्यात नोकऱ्या करणारे, कुणी इंजिनियर, कुणी शिक्षक. हंगाम थंडीत असतो, पण त्याआधी सप्टेंबरपासून शुक्रवारी पहाटेच सराव सुरू होतो, कारण आठ वाजले की ऊन उभं राहू देत नाही.

मी तिथे जायला लागले ते इंग्रजीसाठी. बारावीनंतर आई आणि मी गावाहून इथे आलो आणि बाबांनी मला कॉलेजात घातलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. इंग्रजी मला वाचता यायचं, पण समोर कुणी बोललं की शब्द पोटातच राहायचे. काका म्हणाले, मैदानावर ये, तिथे दोघंजण पहाटेपासून नुसते बोलतच असतात, फुकटात शिकशील. ते दोघं म्हणजे संघाचे चाहते. एक दाढीवाले गृहस्थ आणि एका शाळेत शिकवणाऱ्या बाई. दोघं घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास घेऊन रेषेबाहेर बसायचे आणि प्रशिक्षकावरून भांडायचे. दाढीवाल्यांचं म्हणणं, हा माणूस पोरांना पळवून पळवून मोडतोय, त्याला समोरची दुखापतही दिसत नाही, हंगामाआधी हाकला. बाईंचं म्हणणं, पोरं सुट्टीत घरी जाऊन फुगून आली, त्यात प्रशिक्षकाचा काय दोष. प्रशिक्षक हा उंच, अबोल माणूस पलीकडे उभा असायचा. त्याला हे सगळं ऐकू जायचं, आणि ऐकू जातंय हे दोघांनाही माहीत होतं.

त्या पहाटा मला अजून आठवतात. धुकं इतकं दाट की लांबचे चार खांब दिसायचेच नाहीत, जवळचेही हवेत लटकल्यासारखे वाटायचे. पाण्याच्या फवाऱ्यांचा सुस्कारा बंद झाला की एकदम शांत व्हायचं. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर काका खाली मान घालून फिरत असायचे. एकदा मधोमध थांबून त्यांनी मला गवतातली एक फिकट वाट दाखवली. ती खांबापासून निघून मैदानाच्या मध्यावर संपत होती. मी विचारलं, चालणारा इथून पुढे कुठे गेला? काका म्हणाले, तो गडी मागच्या वर्षीच नोकरी गेल्यामुळे मायदेशी गेला. रोज एकटाच याच वाटेने पळायचा. नवं गवत पेरलं, दोनदा कापलं, तरी इथलं गवत अजून वाकूनच उगवतं. "जमीन इसरत न्हाई, पोरी. आपुन इसरतो," ते म्हणाले. मी त्या वाटेवरून बाजूला झाले. आजही का ते सांगता येणार नाही.

खेळाडूंना त्यांनी पावलांवरून नावं ठेवली होती. टाचखेच्या, बदक, रुसलेली सून. मान न उचलता ते सांगायचे, आज तांबड्या बूटवाल्याची मागची शीर धरणार. अर्ध्या तासात तांबडे बूट मांडी धरून गवतावर आडवे. दुसऱ्या शुक्रवारी बदकाचा घोटा. तिसऱ्या शुक्रवारी रुसलेल्या सुनेचा गुडघा, आणि तो गृहस्थ तर तेव्हा नुसता पाणी पीत उभा होता. मी हे बाईंना अडखळत सांगितलं होतं, तेव्हापासून काकांना कॉफी मिळू लागली. दाढीवाले कानाशी येऊन विचारायचे, तुझे अंकल एकोणीस नंबरबद्दल काय म्हणतात? आणि काकांनी काहीही म्हटलं तरी ते दोघांच्याही बाजूचा पुरावा व्हायचं. खेळाडू मात्र काकांना बिचकू लागले. एक धिप्पाड बचावपटू, ज्याला बघून समोरचा संघ वाट बदलायचा, तो गाडीपासून मैदानापर्यंत सिमेंटच्या कडेकडेने चालायचा, वाळूवर पाय उमटू नये म्हणून.

मग एका शुक्रवारी काकांनी मला बाजूला बोलावलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"तुझ्या कालिजात शिकवत्यात का गं, डाव्या पायाचा आंगठा भुईवर रेघ वढाय लागला तर काय समजायचं?"

मी कॉम्प्युटर शिकते हे त्यांना सांगून झालं होतं, पण कॉलेजात सगळंच शिकवतात असा त्यांचा समज होता आणि तो मोडायचा मला धीर होत नव्हता. मी विचारलं, कुणाच्या पायाची गोष्ट आहे?

"हाय एक गडी. पाय त्याचं ऐकंना झालाय. आधी नखाएवढी रेघ व्हती, आता वितभर झालीया."

मला वाटलं, हे महत्त्वाचं आहे आणि योग्य माणसाला सांगितलं पाहिजे. म्हणून मी बाईंना सांगितलं. नीट जुळवून, पहिल्यांदाच न अडखळता एवढं मोठं इंग्रजी वाक्य बोलले, आणि मनातून जरा खूशही झाले. बाईंनी ते दाढीवाल्यांना सांगितलं. दाढीवाले खुर्चीतून उठले आणि त्यांनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की या संघात एकाचा पाय निकामी होत चाललाय, तो लपवतोय आणि प्रशिक्षक त्याला लपवू देतोय. खेळाडू थांबले. एकमेकांच्या डाव्या पायाकडे बघू लागले. धुक्यात ती वीस-बावीस माणसं नुसती खाली बघत उभी होती.

प्रशिक्षक शांतपणे आला आणि मला म्हणाला, त्यांना विचार, ओळखता येईल का? काकांनी आधी दाताळं उचललं. मग म्हणाले, बूट काढायला सांग. खांबांमागे वाळूचा एक पट्टा होता. काकांनी स्वतःचे कंपनीचे जड बूट काढले आणि अनवाणी, मागे न बघता, दाताळ्याने पट्टा सारखा करत या टोकापासून त्या टोकाला गेले. परत येताना त्याच्या कडेकडेने चालत आले आणि उकिडवे बसले. एकेक खेळाडू वाळूवरून चालू लागला. सहा-सहा फुटांची माणसं, परीक्षेच्या हॉलमध्ये जावं तशी. दाढीवालेही उगाच चालून गेले, खात्री असलेली बरी म्हणून. काका प्रत्येक पावलावर वाकायचे, जवळजवळ नाक टेकवायचे आणि म्हणायचे, "ह्यो न्हवं." मी इंग्रजीत सांगायची, हा नाही. तो धिप्पाड बचावपटू चालला तेव्हा काका इतका वेळ वाकून राहिले की त्याच्या कपाळावर घाम आला. "ह्यो न्हवं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पडलेला होता. ते प्रत्येक पावलाकडे आशेने बघत होते हे मला तेव्हा कळलं नाही. ती रेघ दुसऱ्या कुणाची तरी निघावी, एवढीच त्यांची आशा होती.

शेवटचा माणूसही गेला. वाळू पावलांनी भरून गेली होती. सगळे आपापली पावलं बघत होते, म्हणून कुणाचं लक्ष पट्ट्याच्या कडेला गेलं नाही. तिथे एकट्या माणसाची वेगळी रांग होती, आणि तिच्यात डाव्या बाजूला प्रत्येक पावलापुढे एक रेघ होती. वितभर. मी मान वर केली तर प्रशिक्षकही तिथेच बघत होता.

"काका," मी म्हटलं, "ती कडेची रांग कुणाची?"

ते तिकडे वळले नाहीत. "ती बगायची नसती," म्हणाले.

प्रशिक्षक त्यांच्या शेजारी वाळूत बसला. मला म्हणाला, कधीपासून ते विचार. काका म्हणाले, रमजानच्या आसपास सुरू झालं. मग माझा हात धरून हळू आवाजात सांगू लागले, की कंपनीला कळलं की खलास, वैद्यकीय तपासणीत नापास करून घरी पाठवतात. एवढं मैदान वाळूतून उगवलंय, चार आठवड्यांवर पहिला सामना आहे, तो होऊ दे, मग पायाचं काय व्हायचं ते होईल. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्याला समजलं. तो उठला, गाडी घेऊन आला. सराव खलास, असं त्याने हातानेच सांगितलं. काकांनी गाडीत बसण्याआधी बूट घालायचा प्रयत्न केला, तर डावा बूट चढेना. तो प्रशिक्षकाने वाकून चढवला. दाढीवाले थर्मास हातात धरून उभे होते. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं, की आपण तर या प्रशिक्षकाच्या बाजूने पहिल्यापासूनच होतो. बाईंनी त्यांच्या हातातला कॉफीचा कप घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

कमरेत नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पाय परत आलाच नसता. आणि काकांना वाटलं होतं तसंच झालं. कंपनीने त्यांना घरी पाठवलं. कागदावर रजा असं लिहिलंय. मिरजेला ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन अंगणात चालतात. परत येणार का विचारलं तर इन्शाल्ला म्हणतात, तेही जतच्या हेलात.

पहिल्या सामन्याला मी गेले होते. पाणी देऊन झालेलं, गवत दवाने पांढरं, त्यावर एकही पाऊल नाही. दोन्ही संघ रेषेबाहेर उभे होते. शिट्टी झाली तरी आमच्यातलं कुणी आत जाईना. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. धिप्पाड बचावपटू प्रशिक्षकाकडे बघत होता, प्रशिक्षक गवताकडे. समोरच्या संघाला काय चाललंय ते कळेना, पण तेही थांबले. मग कुठूनतरी एक साळुंकी आली, गवतावर टेकली, चार-पाच उड्या मारत मधोमध गेली आणि उडून गेली. तेव्हा कुणीतरी हसलं, आणि सगळे आत धावले.

संध्याकाळी मी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. सामना जिंकला, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"साळुंकी आधी कंच्या पायावर टेकली?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं नव्हतं. तसं सांगितलं. पलीकडून काठी टेकल्याचा आवाज येत होता.

"बगत जा, पोरी," ते म्हणाले. "आता तिथं दुसरं कोन हाय बगायला?"