लुकुमादेसचा मध आणि सासूबाईंचं बोट

जपानातल्या मंडळींनो, ज्यांच्या घरी सध्या आजी-आजोबा आलेत त्यांनी तरी वाचाच.

आज माझं दुकान बंद, बायको ऑफिसला, भारतातून आलेल्या सासूबाई बाळाजवळ. म्हणून लुकुमादेस करायला घेतले. ग्रीक लोकांचा पदार्थ. आंबवलेल्या मैद्याची भजी तळायची आणि वरून मध ओतायचा. मधाची बाटली बाहेरच्या टेबलावर काढून ठेवली होती. पहिला घाणा कढईत होता, तेवढ्यात तळणीच्या आवाजातूनही बाहेरच्या खोलीतलं कानावर आलं, "चाट रे माझ्या राजा, गोड गोड!"

गॅस बंद करून धावलो. सासूबाईंचं मधाचं बोट आमच्या आठ महिन्यांच्या मुलाच्या ओठांशी पोचलं होतं. मी सरळ त्यांचं मनगट धरलं. जावयाने!

"आई, वर्षाच्या आत मध नाही द्यायचा. बाळाला विषबाधा होऊ शकते. बाटलीवरही लिहिलंय."

"जपानी मधाचं असेल तसं," त्या म्हणाल्या. "माझ्या बॅगेत महाबळेश्वरचा आहे. तुमच्या बायकोला मी तोच चाटवला होता."

"तोही नाही, आई."

त्या उठून आत गेल्या. मी बाळाचं तोंड तपासलं, मध लागला नव्हता. पण आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. म्हटलं, निघाल्या बहुतेक परत.

त्या बाहेर आल्या त्या महाबळेश्वरची बाटली घेऊन. माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमच्याकडेच ठेवा. माझ्या हाताला सवय आहे हो, माझ्याही नकळत जाईल."

मी ती बाटली वरच्या फळीवर ठेवली. तुमच्या घरी आजी-आजोबांना हे मधाचं कुणी आणि कसं सांगितलं?