चार नंबरचं टेबल

घड देठाला धरायचा, कानाजवळ नेऊन एकदाच हलकेच हलवायचा, आणि एकही मणी गळला नाही की त्याला म्हणायचं, "जा बाबा, नीट जा." आक्कांचं हे दिवसातून शेकडो वेळा चालायचं. द्राक्षांना निरोप देणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय, आणि पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं.

दोन हजार सालाच्या पुढची वर्षं होती. निफाडच्या बाजूला द्राक्षं भरून परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये मी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. सकाळी शहरातल्या द्वारका चौकातून एसटी पकडायची, आणि दिवसभर परदेशातून येणारे इंग्रजी फॅक्स वाचून शेठना मराठीत सांगायचे, एवढंच माझं काम. आक्का चार नंबरच्या टेबलाच्या मुकादम होत्या. हाताखाली चौदा बाया. त्यांनी भरलेल्या प्रत्येक पेटीवर चारचा शिक्का पडायचा, म्हणजे ती युरोपातल्या कुठल्याही गोदामात उघडली तरी कोणी भरली ते कळावं. आक्कांना त्या शिक्क्याचा केवढा तोरा! पाच नंबरवाल्यांची पेटी चुकून आपल्या थप्पीत आली तर त्या ती दोन बोटांनी बाजूला सरकवायच्या.

ऑफिसच्या दारात येऊन त्या रोज विचारायच्या, "भाऊ, तिकडं काय चाललंय?" त्यांच्या 'तिकडं'मध्ये अख्खं जग मावायचं. कुठल्या बंदरात संप आहे, दक्षिण गोलार्धातली द्राक्षं बाजारात उतरली का, रुपया कुठे घसरला, सगळं मी पेपरातून वाचून दाखवायचो. कपाशीचं किंवा कांद्याचं विचारावं तसं त्या आखाताचं विचारायच्या. एका मार्चमध्ये तिथं युद्ध पेटलं आणि दुबईला जाणारा माल थांबला. शेठ म्हणाले, "बायांना घरी पाठवा, लढाई संपेपर्यंत काम नाही." आक्का तिथंच उभ्या होत्या. "लढाई लागली म्हंजे तिकडची माणसं जेवायची थांबली का? दुसरं गाव शोधा की. लय मोठं हाय म्हनतात जग." शेठनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी बसून फोन फिरवले आणि दुसरं गाव सापडलंही.

मग तो बांगड्यांचा तमाशा. खरेदीदाराचा गोरा तपासनीस आला आणि म्हणाला, टेबलावर बांगड्या चालणार नाहीत, काच फुटून पेटीत जाते. बायांनी हात पदराआड घेतले. नवरा जिवंत असताना हात मोकळे करायचे? आक्कांनी त्याच्या बोटाकडे बोट दाखवलं. "त्यांची लग्नाची अंगठी चालती, मग आमच्या बांगड्या का नाय? इचारा त्यांना." मी इंग्रजीत पार मऊ करून सांगितलं की या बाईंची एक नम्र विनंती आहे. शेवटी लांब बाह्यांचे झगे आणि मनगटाला घट्ट पट्टी, यावर तडजोड झाली. तपासनीस हसत गेला, पण जाण्याआधी त्यानं अंगठी काढून खिशात टाकली होती, हे आक्कांनी पुढे दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

एप्रिलच्या सुरुवातीला युरोपातल्या खरेदीदाराचा फॅक्स आला. आमचा कंटेनर पोचलाय, माल मऊ पडलाय, मणी गळतायत, पेट्या चार नंबरच्या आहेत. पॅकिंगची चूक लेखी कबूल करा आणि ते टेबल कामावरून काढा, तर माल कमी भावात घेतो. नाहीतर फेकून देतो.

खरं काय ते शेठना माहीत होतं, मलाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या देशाची स्वस्त द्राक्षं तिथल्या बाजारात धो धो उतरली होती आणि भाव कोसळले होते. ठरलेल्या भावातून सुटायला त्या माणसाला कारण हवं होतं. शेठ वाईट नव्हते. साठ बागाईतदार त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मला कबुलीचं पत्र टाइप करायला सांगितलं, आणि मी केलं. खाली टेबलाच्या मुकादमाची सही हवी होती.

पत्राचं कळताच आक्का शीतगृहात गेल्या. प्रत्येक कंटेनरमागे एक पेटी आपल्याकडे राखून ठेवायची, असा नियम होता. बाकीची टेबलं तो सोयीनं विसरायची. आक्कांनी त्या कंटेनरची पेटी आणून शेठसमोर उघडली. देठ जरासे तपकिरी पडले होते, बाकी माल घट्ट. त्यांनी एक घड उचलून हलवला. एकही मणी पडला नाही.

"आक्का, मला दिसतंय," शेठ म्हणाले. "पण जगाचा बाजार आहे हा. तिथं आपलं कोण ऐकतं? सही करून टाका."

"बाजार पडला तर बाजार पडला म्हनून लिवा. आमच्या हातावर कशाला लिवता?"

"पत्र गेलं नाही तर सगळाच माल जाईल."

"आन् पत्र गेलं तर माझ्या चौदा बाया जातील. पुन्हा कोन उभं करील त्यांना?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ज्यांच्यावर लिवलंय त्यांना वाचून तरी दाखवा. मराठीत. आन् त्या गोऱ्यापुढं केलं तसं मऊ करू नका."

त्यांना तेव्हाच कळलं होतं तर! मी कागद घेऊन चार नंबरपुढे उभा राहिलो. 'आमच्या कामगारांच्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आलो आणि पुढे वाचवेना. समोर चौदा बाया होत्या, एकीच्या हातात अर्धा साफ केलेला घड तसाच होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आक्कांनी कात्री टेबलावर ठेवली. मग एकेक करत चौदाही कात्र्या खाली आल्या. पाच नंबरनंही ठेवल्या. दारात कंटेनर अर्धा भरलेला, बाहेर ऊन मी म्हणत होतं, क्रेटमध्ये माल तापत होता. शेठनी एका क्रेटवर हात ठेवून पाहिला. शेवटी म्हणाले, "फाडा ते. दुसरं लिहा."

दुसरं मी जीव ओतून लिहिलं. भाव पडलाय हे आम्हाला माहीत आहे, माल चांगला होता, राखलेली पेटी इथं आहे, तुमचा माणूस येऊन बघू दे. दोन ओळींचं उत्तर आलं: यापुढे व्यवहार बंद. माल मातीमोल गेला. बागाईतदार येऊन शेठना वाटेल ते बोलून गेले.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी शेठनी आक्कांना बोलावलं. "चार नंबर राहील. एकीलाही काढणार नाही. पण पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका. मला लोकांना तोंड द्यायचंय."

"बाया राहतात ना?"

"राहतात."

"मग झालं," आक्का म्हणाल्या.

मी खिडकीतून बघत होतो. फाटकावर घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईची पिशवी तपासली जायची, कोणी माल नेऊ नये म्हणून. त्या दिवशी वॉचमननं आक्कांना पाहून मान खाली घातली.

"जाऊ द्या आक्का, तुमची काय बघायची."

"का? सगळ्यांची बघता ना?" त्यांनी पिशवी स्वतःच उलटी केली. डबा, टॉवेल, चपलांचा जुना जोड. "बघा नीट. काय निघालं?"

"काय नाय, आक्का."

"मोठ्यानं सांगा. हापिसापर्यंत ऐकू जाऊ द्या."

त्यानं एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि ओरडला, "काय नाय निघालं!"

आक्कांनी सगळं पिशवीत भरलं, पदर खोचला आणि रस्त्याला लागल्या.