शंभर फूट कमी

त्या छोट्या विमानतळावर वायरलेसवर बसणाऱ्या बाईंना वैमानिक तोंडावर ताई म्हणत आणि माघारी शंभरकमी. बाईंना ते ठाऊक होतं. आभाळात दिव्याचा झोत सोडायचा, तो ढगाला कुठे टेकतो ते बघून ढगांची उंची काढायची आणि येणाऱ्या विमानाला कळवायची, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. ढग तीनशे फुटांच्या खाली असले तर उतरायचं नाही, असा नियम होता. पण नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एक नवखा वैमानिक त्यांच्याकडून तीनशे ऐकून खाली आला, तोवर ढग आणखी उतरले आणि तो माळावर आपटून गेला. तेव्हापासून बाई सगळ्यांना शंभर कमीच सांगू लागल्या. जुने वैमानिक पक्के वस्ताद. त्यांनी हे ओळखलं आणि मनातल्या मनात शंभर वाढवू लागले. आता यात शहाणं कोणाला म्हणायचं? पण सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून कोणीच काही बोललं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ टपालाच्या थैल्या घेऊन एकटाच विमान आणायचा. घरी जेवताना बहिणीच्या शंभर कमी सांगण्याची हुबेहूब नक्कल करून बायकोला पोट धरून हसवायचा.

त्या रात्री पाऊस आडवातिडवा झोडपत होता. वायरलेसवर भावाने उंची विचारली. बाईंनी झोत पाहिला. दोनशे. पुन्हा पाहिला, दोनशेच. पाऊण तासावरच्या विमानतळावर आभाळ मोकळं होतं, भावाच्या टाकीत तेवढं इंधनही होतं. त्याने तिकडे जावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. भीतीने भान असं सुटलं, की डोळ्यांना दिसलं तेच तोंडातून गेलं, दोनशे.

“कळलं ताई,” तो हसत म्हणाला, “येतो खाली.”

त्या हसण्याने बाई भानावर आल्या. तो तीनशे धरून चालला होता.

“अरे, आज खरंच दोनशे आहेत. माझी शपथ आहे तुला, मागे फीर.”

“खरंच तर तू रोजच म्हणतेस.”

आणि तेही खोटं नव्हतं. बाई घसा फुटेस्तोवर विनवत राहिल्या, पण विजांच्या खरखरीत पुढचं काही पोचलं नाही. इंजिनाचा आवाज छपरावरून गेला, फारच खालून गेला. खिडकीची तावदानं थरथरली. मग नुसता पाऊस ऐकू येत राहिला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी नोंदवही पाहिली. बाई वहीत मोजलेला आणि कळवलेला आकडा नेहमी एकच लिहीत. मोजले दोनशे, कळवले दोनशे. काम चोख, असा शेरा मारला. बाईंनी शंभराची गोष्ट स्वतःहून सांगितली, तर दुःखात माणूस भलतंसलतं बोलतो म्हणून साहेबांनी त्यांची समजूत काढली.

एका दुपारी बाई आणि भावजय कपाट आवरत बसल्या होत्या. नवऱ्याच्या शर्टाची घडी घालता घालता तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “ताई, परक्या माणसांनासुद्धा तुम्ही शंभर कमी सांगायचात. मग यांनाच का नाही सांगितलंत?”

तो आपला होता म्हणून जीव घाबरला, एवढंच उत्तर होतं. बाईंनी तिच्या हातातून शर्ट घेतला आणि त्याची घडी पुन्हा घातली.